भाऊबीज करून कुठे जायचं?

देवगडजवळचं एक जोडपं. ते आंबा बागायतदार, त्या शाळेत शिकवतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, परदेश अजून पाहिलेला नाही. यंदा मुलाला आजीकडे ठेवून, भाऊबीज उरकून दोघांनीच निघायचं म्हणतात. हातात दहा-अकरा दिवस, खर्च दोघांचा मिळून तीन लाखांपर्यंत. त्यांनी पाठवलेली यादी अशी: थायलंड, बाली, व्हिएतनाम, श्रीलंका, सिंगापूर-मलेशिया, दुबई, भूतान, जपान, आणि खाली वेगळ्या शाईत स्वित्झर्लंड. यातलं काय घ्यावं आणि एका खेपेत किती घ्यावं, हा प्रश्न. शिवाय दोन बारीक नोंदी: बाईंचा गुडघा दुखतो, आणि त्यांना विमानापेक्षा रेल्वे आवडते.

त्या बारीक नोंदीच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडल्या. मी कुडाळला बावीस वर्षं सहली काढायचा धंदा करतोय. सुरुवात काशी आणि अष्टविनायकाच्या बसने केली, परदेशाच्या सहली नंतर आल्या. माणसं येतात ती देशांची यादी घेऊन येतात, आणि गुडघ्याचं बोलतात ते विमानतळावर. तुम्ही आधी बोललात, निम्मं काम झालं.

आता एक उलटा प्रश्न. उद्या बँकॉकहून कोणी तुम्हाला विचारलं, की जुलैत महाराष्ट्रात हवा कशी असते, तर काय सांगाल? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटापलीकडे माणदेशात गेलात तर जेमतेम पाचशेच्या आतबाहेर. तुम्ही त्याला म्हणाल, अरे बाबा, महाराष्ट्रात म्हणजे नक्की कुठे? तेच मी तुम्हाला विचारतो. थायलंड म्हणजे कुठलं? व्हिएतनाम म्हणजे कुठलं? प्रवासाच्या जाहिरातीत देशाचं नाव असतं, पाऊस पडतो तो पट्ट्यावर. म्हणून मी देशाऐवजी आधी पट्टा निवडतो, आणि पट्टा निवडण्याआधी तारीख बघतो.

हे मी चुकून शिकलो. धंद्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षी वेंगुर्ल्याच्या एका नवविवाहित जोडप्याला मी नोव्हेंबरात को समुईला पाठवलं. थायलंडचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो एवढंच मला ठाऊक होतं. ते खरंही आहे, पण पश्चिमेच्या अंदमान समुद्राच्या बाजूला, फुकेत-क्राबीला. समुई पूर्वेच्या आखातात आहे, तिथे ईशान्य मोसमी वारा पाऊस घेऊन येतो आणि नोव्हेंबर हा तिथला सगळ्यात ओला महिना असतो. पोरं चार दिवस खोलीत बसून पाऊस बघत होती. परत आल्यावर मुलीचे वडील दुकानात आले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पाऊस बघूक आमचा वेंगुर्ला काय वाईट होता?" त्या दिवसापासून माझ्या टेबलावर नकाशा असतो आणि त्यावर पेन्सिलीने महिने लिहिलेले असतात.

तर तारीख. कोकणातल्या माणसाला रजा मिळते तेव्हा नव्हे, सण आणि झाड सोडतं तेव्हा निघता येतं. फेब्रुवारी ते मे बागायतदार हलू शकत नाही. गणपतीत तर हलायचा प्रश्नच नाही. तुमच्यासाठी खऱ्या अर्थाने दोनच खिडक्या उघडतात. एक, कॅनिंगचा शेवटचा आंबा गेला की जूनचे पहिले दहा-बारा दिवस, शाळा सुरू व्हायच्या आत. दुसरी, दिवाळी. नोव्हेंबरअखेर थंडी पडली आणि मोहोर दिसू लागला की तुडतुड्यांच्या फवारण्या चालू होणार, त्याच्या आत घरी.

पण दिवाळी ही खिडक्यांमधली सरकती खिडकी आहे. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला, आणि भाऊबीज ११ ला. धोंड्याच्या महिन्यात जावयाने अनारसे खाल्ले, त्याचा परिणाम असा बँकॉकपर्यंत पोचतो. हसू नका, या अठरा दिवसांत आशियातल्या निम्म्या ठिकाणांचं हवामान कूस बदलतं. गेल्या वर्षी शेजाऱ्यांना जे लाभलं ते यंदा तुम्हाला लाभेलच असं नाही, आणि उलटही.

ही तारीख घेऊन तुमची यादी चाळू.

श्रीलंका यंदा नको. दोन मोसमी पावसांच्या मधला हा काळ, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे जवळपास सगळीकडे सरी असतात आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठायचे हेच दिवस. देश फार सुंदर आहे, नैऋत्य किनारा आणि मधले डोंगर जानेवारी ते मार्चमध्ये बघावेत. पण तेव्हा तुम्ही बागेत असाल. शिवाय सिगिरियाच्या खडकावर बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

बालीत नोव्हेंबर म्हणजे पावसाची सुरुवात. कोरडा काळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आणि खरं सांगायचं तर बाली म्हणजे नीट झाडून-पुसून ठेवलेलं कोकण आहे. माडाची झाडं, भाताचे मळे, दारोदार सकाळी फुलं-तांदळाचा नैवेद्य. पाट काढून वाडीवाडीत पाणी वाटून घ्यायची त्यांची 'सुबाक' नावाची पद्धत २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. आपल्या कुळागराच्या पाटांना असं कोणी विचारलं नाही, हा माझा जुना सल आहे. बाली जूनच्या खिडकीत ठेवा.

दुबई चार दिवसांची, दहाची नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी आखातात आहे, कधी ना कधी बोलावणं येईलच. सिंगापूरचंही तेच, आणि ते मुलाला घेऊन बघायचं शहर आहे. मलेशियाचे पूर्व किनाऱ्याचे बेट-विसावे नोव्हेंबरात पावसामुळे बंद व्हायला लागतात, पश्चिमेचं लंकावी चालतं, पण तिथे समुद्र हाच मुख्य माल. त्याबद्दल पुढे बोलतो.

भूतानला मात्र नोव्हेंबर उत्तम. आभाळ स्वच्छ, हिमालय समोर उभा. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. पण देवगडहून भूतान गाठायला बागडोगरापर्यंत विमान आणि पुढे डोंगरातला दिवसभराचा रस्ता, असे जाता-येता चार दिवस प्रवासात जातात. आणि ज्याच्यासाठी सगळे जातात तो वाघाच्या गुहेचा मठ, ताकत्सांग, तीन हजार मीटरच्या वर कड्याला चिकटलेला. चढून उतरायला पाच-सहा तास. बाईंनी खाली चहा पीत बसायचं आणि साहेबांनी वर जाऊन फोटो काढायचे, ही काही दोघांची सहल नाही.

जपानची नोव्हेंबरातली लाल-पिवळी पानं बघण्यासारखी असतात. तीन लाखांत दोघांचं होईल, पण मोजून-मापून, दर जेवणाला हिशेब करत. पहिल्या खेपेला तो ताप नको.

स्वित्झर्लंड कुणी लिहिलं ते शाईवरून कळलं. बाई, ते यादीतून काढत नाही, फक्त नोव्हेंबरातून काढतोय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे जातात, नोव्हेंबरच्या मध्यात पाचच्या आत अंधार. डोंगरावर नेणाऱ्या कितीतरी पाळणा-गाड्या या काळात दुरुस्तीसाठी बंद असतात, कारण उन्हाळी गर्दी संपलेली आणि बर्फावरच्या खेळांची सुरू व्हायची असते. नाताळचे बाजारही भरलेले नसतात. म्हणजे तिकीट पूर्ण आणि दुकान अर्धं बंद. शिवाय शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक, व्हिसाला माणशी ९० युरो शुल्क, वर सेवाशुल्क, तीस हजार युरोंचं विमा संरक्षण, आणि बोटांचे ठसे द्यायला जातीने मुंबईला जाणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तेच स्वित्झर्लंड रात्री नऊपर्यंत उजेडात असतं, दऱ्या हिरव्या आणि वर शिखरांवर बर्फ. तेव्हा जा, आणि तेव्हाही सात देशांची बस पकडू नका. चिपळूणचं एक वयस्क जोडपं अशी सहल करून आलं. मी फोटो बघायला गेलो तर काका प्रत्येक फोटोवर काकूंना विचारत होते, हे कुठलं गं? काकूंना एकच ठिकाण नक्की आठवत होतं, जिथे बस बिघडून दोन तास थांबावं लागलं ते गाव. तिथे त्यांनी एका बाकावर बसून पाव खाल्ला होता.

व्हिएतनामवर जरा थांबतो, कारण हा तुमचा खरा दुसरा पर्याय आहे. देश उत्तर-दक्षिण सोळाशे-साडेसोळाशे किलोमीटर लांब आणि मधे कंबर बारीक. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सहली हनोई, मग मधलं दा नांग आणि होई आन, मग दक्षिणेचं हो ची मिन्ह शहर अशा तिन्ही ठिकाणी उड्या मारतात. नोव्हेंबरात ही सगळ्यात मोठी चूक. मधल्या पट्ट्यात, ह्युए-होई आन भागात, पावसाचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ही दोन्ही शहरं पुरात होती. आणि जाहिरातीत दिसतो तो मोठ्या, दगडी दिसणाऱ्या हातांवरचा सोनेरी पूल याच पट्ट्यात डोंगरावर आहे. ढगात गेला की हातही दिसत नाहीत, पूलही नाही. उत्तर मात्र त्याच आठवड्यात कोरडी आणि गारसर असते. हनोई, तिथून दक्षिणेला निन बिन, पूर्वेला हा लाँगचं आखात. निन बिनजवळ ताम कॉकला होडी वल्हवणाऱ्या बायका पायांनी वल्हं मारतात, चुनखडीच्या डोंगरांमधून, गुहांच्या पोटातून. तुम्ही दोघं तिथे रमाल. ई-व्हिसा २५ डॉलरला घरबसल्या मिळतो. सोमवारी बाईंचा शाकाहार असेल तर पाटीवर 'चाय' शब्द शोधायचा, उच्चार आपल्या हिंदी चहासारखाच, अर्थ शाकाहारी.

मग मी व्हिएतनामच का नाही सांगत? कारण तुमच्या चिठ्ठ्या.

जोडप्यांना मी एक काम देतो, ते तुम्हीही केलंत. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून तीन-तीन ओळी लिहायच्या: काय बघायचंय, काय अजिबात नको, आणि कशाने चिडचिड होते. एकमेकांना दाखवायच्या नाहीत, थेट मला पाठवायच्या. परवानगी घेऊनच इथे सांगतो. साहेबांनी लिहिलं: तिकडची बागायत, बाजार, नदीतली होडी. नको: समुद्र. चिडचिड: सकाळी सहाला उठवणारा गाईड. बाईंनी लिहिलं: रात्रीची रेल्वे, डोंगरावरची थंडी, जुनी देवळं. नको: खरेदीची सक्तीची दुकानं. चिडचिड: रोज बॅग भरणं.

नको या ओळीत समुद्र आहे हे वाचून मला बरं वाटलं. देवगडच्या किल्ल्यावरून रोज समुद्र दिसणाऱ्या माणसाने हजारो रुपये मोजून दुसऱ्याच्या माडाखाली आडवं व्हायचं, हे मला कधी कळलं नाही. पुण्या-नाशिकच्या लोकांचं वेगळं, त्यांना लाट नवी असते. मित्रांनी फुकेत-क्राबी सांगितलं असेल तर त्यांचं चुकलं नाही, ते त्यांच्यासाठी बरोबर होतं. तुम्हाला हवाय डोंगर, नदी, भाताचा आतला प्रदेश.

तेव्हा माझं उत्तर: थायलंड, पण फक्त बँकॉक आणि उत्तरेचं चिआंग माई. बेटं नाहीत, पट्टाया नाही, वाटेत 'आलोच आहोत तर' म्हणून सिंगापूर नाही. नोव्हेंबरच्या मध्यात बँकॉकचा पाऊस ओसरलेला असतो आणि उत्तरेला थंडीची चाहूल लागलेली असते. (मार्चमध्ये हेच चिआंग माई शेतातला पालापाचोळा जाळल्याच्या धुराने भरलेलं असतं. तेव्हा कोणी स्वस्तात देऊ केलं तरी जाऊ नये.)

दिवस असे पडतात. १३ तारखेला मध्यरात्रीच्या सुमाराचं विमान, साडेचार तासांच्या आत-बाहेर बँकॉक, १४ च्या सकाळी तिथे. त्या दिवशी काही बघू नका. तिथलं घड्याळ दीड तास पुढे आहे, झोप मोडलेली असते, आणि बँकॉकच्या दमटपणात उपाशीपोटी राजवाडा बघायला गेलेली जोडपी तिथेच पहिलं भांडण करतात, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. संध्याकाळी चाओ फ्राया नदीच्या प्रवासी बोटीत बसा. पर्यटकांच्या नाही, तिथल्या लोकांच्या. थोड्या पैशांत नदीकाठची देवळं, गोदामं, बाजार सगळं समोरून जातं. दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि शेजारी वाट फो या देवळातला ४६ मीटर लांबीचा निजलेला बुद्ध. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला.

तिसरा दिवस अयुत्थयाचा. बँकॉकपासून साधारण ऐंशी किलोमीटर, साध्या रेल्वेने. नाव आपल्या अयोध्येवरून. १३५१ पासून चारशे वर्षं राजधानी, १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या फौजांनी जाळली. आता विटांचे मनोरे, शिर तुटलेले बुद्ध आणि एका झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मुख. इथे कोकणातल्या माणसाने एक गोष्ट आठवावी. ती फौज ज्या कोनबाँग घराण्याची, त्याचाच शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो तिथेच गेला. थिबा पॅलेसला तुम्ही शाळेची सहल नेली असेल. बाईंनी अयुत्थयात उभं राहून पोरांना सांगायच्या धड्याची टिपणं काढली तर मला नवल वाटणार नाही.

१७ ला रात्रीची रेल्वे, बँकॉकच्या नव्या क्रुंग थेप अफिवात स्थानकातून चिआंग माईला, साधारण साडेसातशे किलोमीटर, तेरा तासांच्या आसपास. गुडघ्यासाठी खालचेच बर्थ घ्या. वरच्यापेक्षा थोडे महाग आणि जास्त रुंद असतात, आणि लवकर संपतात. मला विचाराल तर ही रात्र म्हणजे सगळ्या सहलीचा गाभा आहे. सेवक येऊन गादी घालून देतो, पडदा ओढून देतो, सकाळी उठून बघता तर बाहेर सागाचं रान.

चिआंग माईत तीन रात्री, एकाच खोलीत. १२९६ मध्ये मंगराय राजाने वसवलेलं शहर, चौकोनी खंदकाच्या आत जुनी वस्ती, पावलोपावली 'वाट', म्हणजे मठ-देवळं. पायी फिरता येतं. डोई सुथेपच्या देवळाला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण बाजूने वर नेणारी गाडी आहे, निमूटपणे तिचं तिकीट काढा. एक दिवस गाडी ठरवून डोई इंथनॉनला. थायलंडचं सर्वांत उंच ठिकाण, २५६५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून नऊशे मीटर जास्त, आणि रस्ता अगदी माथ्यापर्यंत. जवळ राजा-राणीच्या नावाचे दोन स्तूप आहेत, तिथे तर सरकते जिने बसवलेत. आंबोलीला नेता तो स्वेटर बरोबर ठेवा, सकाळी कमी पडेल.

तिसरा दिवस साहेबांचा. बाजारात जा आणि नाम डोक माई आंबा मागा. नोव्हेंबरात आंबा? हो. मोहोर यावा म्हणून आपण झाडाला कल्टार घालतो तेच औषध वापरून तिथले बागायतदार बिगरमोसमी फळ काढतात. रंग फिकट पिवळा, आकार लांबट, साल पातळ, चिकट भाताबरोबर आणि नारळाच्या रसाबरोबर खातात. हापूसच्या वासाची सर नाही, हे तुम्ही म्हणणार, मीही म्हणालो. पण वर्षभर एकसारखं फळ बाजारात कसं आणतात, पेटी कशी भरतात, हे बघण्यात तुमचा अर्धा दिवस सहज जाईल. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगितलं तर एखादी बाग दाखवणारा माणूस मिळतो. बाईंनी तोवर खंदकाकाठी बसून काहीही करू नये.

खाण्याचं फार अवघड नाही. मासे खाणाऱ्याला थायलंड घरच्यासारखं, नारळाचं दूध, भात, आंबट-तिखट. उत्तरेचं खाओ सोय, नारळाच्या रस्स्यातल्या शेवया, जरूर खा. सोमवार आणि संकष्टीसाठी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातलं 'जे' शोधा. नुसतं भाजीचं मागितलंत तर त्यात 'नाम प्ला', माशाचं पाणी, पडलेलं असतं आणि देणाऱ्याला ते मांसाहारात धरायचं असतं हे सुचतही नाही.

एक हळहळ आहे. यंदा त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. त्याच पौर्णिमेच्या सुमारास तिकडे लॉय क्रथोंग असतो, केळीच्या गाभ्याच्या चकतीवर फुलं आणि दिवा ठेवून नदीत सोडतात. तुम्ही २१ ला विमानाने बँकॉकला आणि २२ ला मुंबईत. दोन दिवसांनी हुकणार. शाळेला खोटं कारण सांगा असं मी म्हणणार नाही.

मोजून बघा, दहा दिवसांत बॅग तीनदाच हलते. नवरा-बायको परदेशात भांडतात ते कुठे जायचं यावरून फार क्वचित, बॅगा ओढत हॉटेल शोधताना हमखास.

आता आपल्याकडच्या टोकाचं, कारण पुण्या-मुंबईचे लोक हे सांगत नाहीत. आपला एक-एक दिवस दोन्ही बाजूंना कोकण रेल्वे खाते. भाऊबीजेनंतर मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या परतणाऱ्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे १२ नोव्हेंबरच्या कणकवलीच्या गाडीचं १३ सप्टेंबरला, नेमकं गणपतीच्या आदल्या दिवशी. घरात गणपतीवरची माटवी, म्हणजे फळा-पानांची सजावट, बांधायची गडबड असेल, तरी सकाळी आठला एकाने मोबाइल घेऊन बाजूला बसायचं. विमानाच्या दिवशीच पोचणारी गाडी घेऊ नका. १२ ची रात्र धरा, १३ ला दिवसभर नातेवाइकांकडे आराम करा. आणि तिकिटावर विमानतळ नीट वाचा. पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालाय, आता 'मुंबई' म्हटलं की सांताक्रूझ-अंधेरीच असं राहिलेलं नाही.

पैसे. माझ्या अंदाजाने दिवाळीच्या भावात विमान दोघांचं पन्नास-साठ हजार, सात रात्रींचं बऱ्यापैकी हॉटेल तीस हजारांच्या घरात, आतली रेल्वे-विमान पंधरा-वीस, खाणं-फिरणं-विमा धरून एकूण पावणेदोन ते दोन लाखांत बसावं. उरलेलं खर्च करू नका, जूनच्या शिखरांसाठी बाजूला टाका. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकतानाच घेतलेला आगाऊ आयकर, आकारतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पावती जपा. आणि पॅकेजवाल्याने 'त्याच पैशात पट्टाया फुकट' म्हटलं तर नको म्हणा. ते फुकट तुमची चिआंग माईची एक रात्र कापून दिलेलं असतं.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण तिच्या अटी पुढे बदलत आल्या आहेत, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. १ मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन अर्ज भरावा लागतो. तो फुकट आहे. पैसे मागणारी पानं तशीच दिसणारी असतात, ती बंद करा.

राहिला पासपोर्ट. दोघांचेही आजच कपाटातून काढा आणि प्रवासानंतर सहा महिने तरी मुदत उरते का ते बघा. बाईंचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर घाबरून नाव बदलायला टाकू नका, तिकीट त्याच नावाने काढलं की पुरतं. पण अक्षर न् अक्षर तेच हवं. मागे एका पावसकर वहिनींच्या तिकिटावर एजंटाने आडनावात एक अक्षर जास्त टाकलं होतं. एजंट मीच.